फुकटचा डबा

लेक नऊ दिवसांची होती तेव्हा पहिलं खोकं आलं. तिचं नाव अजून ठरायचं होतं, माझे टाके ओले होते आणि घरातल्या तीन मोठ्या माणसांपैकी कोणीही सलग दोन तास झोपलेलं नव्हतं. नवऱ्याने अर्धवट डोळ्यांनी सही करून खोकं आत घेतलं. वर छापलं होतं, 'अभिनंदन, आई!' माझ्या सख्ख्या मावशीला तोवर मुलगा झाला की मुलगी हेसुद्धा नीट कळलं नव्हतं. पावडरचं दूध करणाऱ्या कंपनीला मात्र सगळं ठाऊक होतं.

त्यांना सांगितलं कोणी, याचा तपास आठवडाभर चालला. पहिला संशय दवाखान्यावर, दुसरा नवऱ्यावर. शेवटी गुन्हेगार मीच निघाले. सातव्या महिन्यात अंगाला येईल असा एकही कपडा उरला नव्हता तेव्हा दहा टक्के सवलतीसाठी मी एका वेबसाइटवर फॉर्म भरला होता. नाव, पत्ता, बाळंतपणाची अपेक्षित तारीख. तळाशी बारीक अक्षरांत काहीतरी होतं आणि त्याच्या शेजारच्या चौकोनात आधीच बरोबरची खूण होती. ती काढायची तर खाली वाकून, चष्मा लावून वाचावं लागलं असतं, आणि खाली वाकणं तेव्हा माझ्या हातात नव्हतं. एक पँट स्वस्तात पडली. महिन्याभरात घरात सहा डबे झाले.

"फुकट ते पौष्टिक," नवरा म्हणाला आणि डबे कपाटावर रचून ठेवले. म्हणजे बरोबर माझ्या डोळ्यांसमोर, मी पाजायला बसते त्या खुर्चीच्या समोर.

दिवसाला दहा-बारा वेळा समोर बसल्यावर माणूस डबासुद्धा वाचतो. त्यावर पहिलीच सूचना अशी की, आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम. मला त्या डब्याची दया आली. सिगारेटचं पाकीट सोडलं तर आपल्याच कपाळावर 'मला घेऊ नका' असं लिहून बाजारात उभा राहणारा दुसरा माल मी पाहिलेला नाही. हा नम्रपणा कंपनीचा स्वभाव नव्हे, हे पुढे कळलं. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेत आईच्या दुधाऐवजी विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या जाहिरातीबद्दल एक आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर झाली, ११८ मतांनी. विरोधात एकच मत पडलं, अमेरिकेचं. डब्यावर काय लिहायचं हे तिच्यात आहे. आणि गरोदर बायकांना किंवा बाळंतिणींना फुकट नमुने द्यायचे नाहीत, हेही तिच्यातच आहे. थेट नाही, आडूनही नाही. पण संहिता म्हणजे काही कायदा नव्हे. काही देशांनी तो केला. भारतात १९९२ च्या कायद्याने हे नमुने बंद झाले. काहींनी केला नाही. आमचं बिऱ्हाड सध्या दुसऱ्या प्रकारच्या देशात आहे.

फुकट द्यायला एवढी बंदी कशाला, असं मला आधी वाटलं होतं. उत्तर तिसऱ्या आठवड्यात मिळालं, पहाटे तीन वाजता.

त्या रात्री लेकीने ठरवलं होतं की दर चाळीस मिनिटांनी प्यायचं. मधल्या वेळात रडायचं. तीनच्या सुमारास सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि बाळंतिणीला जे वाक्य कधीही ऐकायचं नसतं ते बोलल्या, "तुला दूध पुरत नाही वाटतं." त्यांचाही जीव तुटत होता, राग नव्हता त्यात. मी वर पाहिलं. कपाटावरून सहा डबे माझ्याकडे पाहत होते.

दुधाचा हिशोब साधा आहे. बाळ जितकं ओढतं तितकं ते तयार होतं. वरचं दूध पाजलं की बाळ अंगावर तेवढं कमी ओढणार, मग इकडे तेवढं कमी होणार, मग अजून थोडं वरचं लागणार. डबा संपेपर्यंत आपण गिऱ्हाईक झालेलो असतो. म्हणून पहिला डबा दाराशी येतो आणि दुसऱ्यासाठी आपल्याला दुकानात जावं लागतं. हे सगळं आत्ता लिहायला सोपं आहे. तेव्हा मी म्हटलं, "कालवा."

नवरा डबा घेऊन स्वयंपाकघरात गेला. चंदेरी पापुद्रा फाडल्याचा आवाज आला. मग तो मोठ्याने वाचायला लागला. पाणी उकळा. अर्ध्या तासाच्या आत वापरा, पण सत्तर अंशांच्या खाली जाऊ देऊ नका.

"सत्तर कसं कळणार?"

"थर्मामीटरने."

"तो बेचाळीसपर्यंतच जातो!"

आता सत्तर कशाला, तर ही पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात जंतू असलेच तर ते त्या गरम पाण्याने मरावेत म्हणून. मग त्याच डब्यातलं माप घ्यायचं, दुसऱ्या कंपनीचं चालत नाही, कारण मापं सारखी नसतात. पण ते माप पावडरीत गाडलेलं होतं. इंजिनिअर माणूस ओट्यापाशी उभा राहून धुतलेल्या चिमट्याने उत्खनन करत होता. माप सापडलं. सपाट करायचं, दाबायचं नाही. सुरीच्या पाठीने त्याने पहिलं माप असं सपाट केलं, जसं काही त्यावर इमारत उभी राहणार होती. मग नळाखाली बाटली धरून गार करणं, मनगटावर थेंब टाकून बघणं. सगळं जमवून तो विजयी मुद्रेने खोलीत आला तेव्हा लेक झोपलेली होती. मीही. सासूबाईंनी तोंडावर बोट ठेवून त्याला दारातूनच परत पाठवलं.

कालवलेलं दूध दोन तासांनी टाकून द्यावं लागतं. आमच्या ह्यांनी ते कॉफीत ओतलं. "गोड आहे," एवढाच अभिप्राय आला, आणि कपाच्या तळाशी एक गुठळी.

दुसऱ्या दिवशी नर्सने वजन केलं, दिवसाला लंगोट किती ओले होतात ते विचारलं. सहाच्या वर होते. "मग पुरतंय की," ती म्हणाली. वाढीच्या दिवसांत मुलं असं करतात, दोन-तीन दिवसांत थांबतं. थांबलंही. राहिले डबे. पाच बंद, एक उघडा, आणि उघडलेल्याची मुदत एक महिना.

टाकवेनात. कुठल्यातरी बाळाचं ते अन्न आहे. ज्या घरात लागतं तिथे त्याच्यावाचून चालत नाही आणि ते स्वस्तही नसतं. म्हणून मी एका मैत्रिणीला फोन केला आणि डबे घेऊन तिच्याकडे गेले. तिचा मुलगा पहिल्यापासून वरच्या दुधावर. तिला हायसं वाटेल, मी पुण्य कमवीन, असा माझा बेत. ती आधी पोटभर हसली. तिच्या मुलाला गाईच्या दुधातली प्रथिनं सोसत नाहीत, त्याचा डबा वेगळा असतो, आणि त्याला इतका वास येतो की झाकण काढलं की मांजर खोलीतून निघून जातं. "पण बरं झालं फोन केलास," ती म्हणाली, "मलाही असले दोन येऊन पडलेत." मी पाच घेऊन गेले होते. सात घेऊन आले.

मग दानाचं केंद्र. तिथल्या बाईंनी डबे एकेक करून उजेडात धरून पाहिले. पापुद्रा शाबूत हवा, पोचा नको, मुदत भरपूर हवी. एकाला पोचा होता, कपाटावरून पडल्याचा. तिघांची मुदत पुढच्याच महिन्यात संपत होती. फुकट वाटलेल्या मालाचं आयुष्य किती ठेवायचं हे कंपनीला चांगलं कळतं. बाईंनी तीन ठेवून घेतले, चार परत केले. त्यातला पोचा पडलेला डबा नवऱ्याने पुन्हा पुढे सरकवलेला मी पाहिला आणि मुकाट्याने पिशवीत घातला.

उरलेल्यांवर घरोघरचे सल्ले. कोणी म्हणालं चेहऱ्याला लाव. मला चेहरा धुवायला वेळ नव्हता. कोणी म्हणालं मांजरीच्या पिल्लांना घाल. तेही नाही: मांजरीच्या दुधात प्रथिनं बरीच जास्त असतात, माणसाच्या बाळाची पावडर पिल्लांना पुरत नाही, त्यांची वेगळी मिळते. (हे विचारायला मी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला होता. "पिल्लू किती दिवसांचं?" त्यांनी विचारलं. पिल्लू नाहीच म्हटल्यावर थोडी शांतता पसरली.) सासूबाईंनी कोणालाही न विचारता उघडा डबा कुंड्यांत रिकामा केला. चार दिवसांनी गॅलरीत असा आंबूस वास सुटला की खिडकी लावून घ्यावी लागली. मातीवर पांढरी बुरशी धरली होती. रोपं जगली, पण त्यांनी आमच्याकडे पाहणं सोडलं असं मला वाटतं.

मुदत संपली त्या दिवशी मी एकेक डबा पिशवीत उपडा करून कचऱ्यात दिला. बारीक पांढरी धूळ उडाली, नाकाला गोडसर वास आला, आणि उगाचच अपराधी वाटलं. डबे मात्र सासूबाईंनी अडवले. एवढे चांगले पत्र्याचे डबे कोणी टाकतं का! एकात बटणं गेली, एकात दोरे. मापं धुण्याच्या पावडरीला.

पाचवा महिना संपता संपता लेकीने बटणांचा डबा ओढून घेतला आणि चमच्याने बडवायला सुरुवात केली. दुसऱ्या कशानेही ती इतकी हसत नाही.

त्याच सुमारास फोन आला. सहा महिन्यांनंतरची पावडर आली आहे म्हणे, पुढच्या टप्प्याची. असल्या दुधाची गरज नाही असं त्याच आरोग्य परिषदेने १९८६ मध्येच म्हणून ठेवलंय. पण फोनवरच्या मुलीचा आवाज इतका गोड होता की नवऱ्याने स्पीकर लावला. आमचा आधीचा डबा बाळाला आवडला का, तिने विचारलं. मागून धडाधड वाजत होतं.

"खूप आवडला," नवरा खरं तेच बोलला.

मग आणखी पाठवू का?

मी दोन्ही हातांनी नाही नाही करत होते. सासूबाईंनी स्वेटरची सुई न थांबवता मुलाला सांगितलं, "त्यांना म्हणावं, पाठवा. पण रिकामा."