फिल्टर बदलण्याची एवढी घाई कशाला?

मोटारसायकलचा पेट्रोल फिल्टर गाडी बंद पडण्याआधी बदलावा की बंद पडल्यावर, असा प्रश्न आपल्याला पडला असेल, तर प्रथम आपले सांत्वन करतो. असा काही भाग गाडीत असतो हेच ज्यांना ठाऊक नाही, त्या बहुसंख्य सुखी माणसांतून आपण आता बाहेर पडला आहात. तथापि धीर सोडू नये. सुखी राहण्याचे मार्ग मी अलीकडेच एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये, चांगले घसघशीत बिल भरून, शिकून आलो आहे, आणि ते ज्ञान स्वतःपाशी ठेवणे बरे नव्हे.

आपली गाडी जुनी, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची असेल, तर पेट्रोल कॉककडून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत बसवलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीकडे चुकूनही पाहू नका. तिच्या आतला घडीदार कागद तपकिरी पडला आहे आणि तळाशी गंजाचे कण साचले आहेत, असे दिसण्याचा धोका असतो. नवी डबी बहुधा शंभराच्या नोटेत येते आणि दोन क्लिपा सैल केल्या की बसते. इतक्या स्वस्त आणि सोप्या कामात कसला आला पुरुषार्थ? त्यापेक्षा कार्ब्युरेटरमध्ये कचरा येऊ द्यावा, गाडी चौकात मिसिंग करू द्यावी आणि मग सबंध कार्ब्युरेटर खोलून साफ करून घ्यावा. डबी बदललीच, तर तिच्यावरचा बाण मनावर घेऊ नका. पेट्रोल कोणत्या दिशेने वाहावे हे आपण कोण ठरवणार?

गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत सुखरूप आहे, तिला तिथेच राहू द्या.

गाडी बीएस-सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या निकषांची असेल, तर प्रश्नच मिटला. १ एप्रिल २०२० पासून हे निकष लागू झाले, दुचाक्या जवळजवळ सरसकट पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या फ्युएल इंजेक्शनवर (एफआय) गेल्या, आणि फिल्टरही टाकीच्या पोटात पंपाशेजारी जाऊन बसला. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद जो बारीक घूं असा आवाज येतो, तो या पंपाचा. त्याच्या तोंडाशी एक जाळी असते, आणि पुढे पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची भोके अगदी बारीक असतात. मात्र यातले काहीच वरून दिसत नसल्यामुळे ते खराबही होत नाही, असे मानायला हरकत नाही. अनेक मॉडेलांत तर कंपनी ही जाळी किंवा फिल्टर सुटा विकतच नाही, तेव्हा बदलायचा की नाही या मानसिक ताणातूनही तिने आपली सुटका केली आहे.

इथेनॉलचाही बाऊ करू नये. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. ते पाणी मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉलला सोबत घेऊन पेट्रोलपासून वेगळे होते आणि टाकीच्या तळाशी, म्हणजे नेमके पंप जिथून ओढतो तिथे, जाऊन बसते. या कामी आपलाही हातभार लागावा. टाकीच्या झाकणाभोवती जी खाच असते, तिच्यात एक लहान भोक असते. झाकणावर पडलेले पावसाचे पाणी त्यातून नळीवाटे खाली जाते. ते भोक चिखलाने बुजू द्यावे. मग पेट्रोल पंपावर झाकण उघडताच खाचेत साचलेले पाणी आपसूक टाकीत उतरते, आणि दोष मात्र पंपवाल्याला देता येतो.

पेट्रोल पंपावर पेट्रोलची शुद्धता तपासायचा फिल्टर पेपर मागण्याचा आपल्याला हक्क आहे, पण मागची रांग हॉर्न वाजवते, म्हणून तो मागू नये.

आता सर्वांत महत्त्वाचा सल्ला: सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरवर पूर्ण विश्वास ठेवा. पावसाळ्यापूर्वी मी गाडी दिली, तेव्हा टाकीतली जाळी पाहा, असे जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या यादीवर, आग्रहाने लिहवून घेतले. ‘सर, एफआयला फिल्टर नसतो,’ असे मला प्रथम सांगण्यात आले. असतो, असे म्हटल्यावर ‘असतो, पण तो लाइफटाइम असतो,’ अशी दुरुस्ती झाली. संध्याकाळी गाडी मिळाली, ती चकचकीत पॉलिश होऊन. बिलात पॉलिश होते, ऑइलमध्ये घालायचे कसलेसे औषध होते, न सांगता केलेले ‘इंजेक्टर क्लीनिंग’ होते, आणि ‘कन्झ्युमेबल्स’ नावाचा तो सर्वपरिचित आकडा होता. जाळीसमोर बरोबरची खूण होती. टाकी उचललीही नव्हती, हे तिच्या बोल्टवरची अखंड धूळच सांगत होती; ती धूळ मी बोट लावून दाखवली, तेव्हा अ‍ॅडव्हायझरसाहेबांना नेमका फोन आला.

त्यानंतर चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात या लाइफटाइमचा अर्थ मला कळला. सपाटीला गाडी उत्तम चालत होती. पोफळी मागे पडून चढ लागला आणि थ्रॉटल पिळला, की तिचा दम जायचा, झटके बसायचे आणि ती बंद पडायची. थोडे थांबले, की जाळीवरचा गाळ जरा सुटून ती पुन्हा चालू व्हायची आणि पुढच्याच वळणावर, मागून मालट्रक आणि समोर धुके असताना, पुन्हा मान टाकायची. डॅशबोर्डवरचा बिघाड सांगणारा पिवळा दिवा शेवटपर्यंत लागला नाही, कारण बहुतेक लहान गाड्यांत इंधनाचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. शेवटी गाडी टेम्पोत घालून त्याच सेंटरमध्ये आणली. पंप बाहेर काढला, तेव्हा जाळीवर मऊ काळपट लगदा होता, बोट लावले की पसरणारा. जाळी सुटी मिळत नसल्यामुळे पूर्ण पंप असेंब्ली घ्यावी लागली, ती चार आकडी किमतीला. आणि पावती फाडता फाडता तेच गृहस्थ म्हणाले, ‘सर, हे आधीच बघून घ्यायला पाहिजे होतं.’

आता उपरोध पुरे. ज्या कामासाठी लेखी सांगितले ते न करता त्यावर खूण करणे ही सरळसरळ फसवणूक आहे, आणि घाटात बंद पडणाऱ्या गाडीवर मागे लहान मूल बसलेले असू शकते, एवढीही अक्कल खूण करणाऱ्याला नसेल, तर त्याने गाड्यांना हात लावू नये. वीस रुपयांची जाळी अडवून हजारोंचा पंप विकणाऱ्या कंपन्यांनी ती सुटी द्यावी आणि किती किलोमीटरला पाहायची ते पुस्तिकेत स्पष्ट छापावे. लाज वाटायला हवी.

आणि मालक मंडळींनो, आपणही काही कमी नाही. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरला आपल्याकडे पैसे असतात, पण शंभराची डबी दर दोन-तीन सर्व्हिसिंगला बदला म्हटले, की ‘चालतीय की अजून’ असे म्हणता. कार्ब्युरेटरची तीच डबी इंजेक्शनच्या नळीत घालणारे जुगाडूही मी पाहिले आहेत. तिथे साधारण तीन बार दाब असतो. ती डबी फुटली, तर पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर उडेल. हे प्रकार बंद करा. गाडी चढाला गुदमरू लागली, तर इंजेक्टर क्लीनिंगचे पैसे देण्याआधी पंप समोर उभे राहून काढायला लावा, जाळी स्वतः पाहा, पंप परत बसवताना सील नवे टाकायला सांगा, आणि हे सारे झाल्याशिवाय जॉब कार्डवर सही करू नका. लाइफटाइम म्हणत असतील, तर तेही त्याच कार्डवर लिहून द्यायला सांगा.