पोर्तुगालवर एवढं प्रेम, मग स्विंडनला का गेले?

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून एक मजकूर फिरतो: गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांना अजून पोर्तुगालच प्यारा, म्हणून ते भारताचं नागरिकत्व फेकून तिकडचा पासपोर्ट घेतात आणि सरकारी भत्त्यावर आयते जगतात.

आधी प्रेमाचं पाहू. एवढा जीव असता तर मंडळी लिस्बनला राहिली असती. गेली ती इंग्लंडात, स्विंडनला, साउथॉलला. पोर्तुगाल युरोपीय संघात, आणि संघाचे नियम तेव्हा ब्रिटनलाही लागू होते; त्यामुळे २०२० संपेपर्यंत त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये व्हिसाशिवाय नोकरी करता यायची. मेख इथे आहे. २०२५चे आकडे घ्या. पोर्तुगालचं किमान वेतन महिना ८७० युरो. ब्रिटनचं एप्रिलपासून तासाला १२.२१ पौंड, म्हणजे आठवड्याला ४० तास गोदामात खोकी उचलली तरी महिन्याला २,१०० पौंडांच्या वर. (घरभाड्यात त्यातलं बरंच जातं, ते सोडा.) पोर्तुगालमध्ये वर्षाला १४ पगार मिळतात, ते धरूनही तिथली कमाई याच्या निम्मीही भरत नाही.

हे ख्रिस्तीच करतात, हेही खोटं. पोर्तुगालचा कायदा धर्म विचारत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं यांना हा मार्ग खुला आहे. त्यासाठी जन्म पोर्तुगालच्या दप्तरी नोंदवावा लागतो. इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये दीवचे गुजराती हिंदू याच पासपोर्टवर पोचले.

‘आयते’ म्हणणाऱ्यांनी युरोपीय संघाचा नियम वाचावा: दुसऱ्या सदस्य देशात तीन महिन्यांपुढे राहायचं तर काम हवं, कामाचा शोध चालू हवा, नाहीतर शिक्षण किंवा स्वतःचा पैसा. आणि पोटासाठी बाहेर पडणं गोव्याला नवं थोडंच आहे? तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे गोंयकार, बोट लागेपर्यंत मुंबईत धोबीतलावच्या कुडींत, आपापल्या गावच्या खोल्यांत, पेट्या टेकवून राहायचे. पुढे आखात आलं. २०१२ला आणि पुन्हा २०१८ला खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकवाले-बार्जवाल्यांची कमाईच आटली.

राहिलं नागरिकत्व. ते जातं, हे खरंच. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे दुसरं घेतलं की पहिलं सुटतं. २०२२मध्ये २,२५,६२० भारतीयांनी ते सोडलं. त्यातल्या अमेरिकन झालेल्यांच्या घरी आपण पेढे खातो. गोंयकाराला मात्र देशद्रोही ठरवतो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) काढून तो परत येऊन राहू शकतो, पण मत देता येत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही.