‘अहंकार सोडा, कृपा होईलच’: फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गुरुपौर्णिमा जवळ आली की नागपुरातल्या भजनी मंडळांच्या आणि अपार्टमेंटच्या वॉट्सअॅप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा की, दीक्षाभूमीपासून ताजबाग दर्ग्यापर्यंत सगळे धर्म एकच सांगतात: माणूस आणि ईश्वर यांच्यामध्ये फक्त अहंकार उभा आहे, तो टाकून पूर्ण शरण जावे, प्रयत्न थांबवावेत, गुरूला प्रश्न विचारू नयेत, म्हणजे कृपा होतेच, आणि ती झाली नाही, तर आपलीच शरणागती कमी पडली असे समजावे. खाली हा मजकूर अकरा जणांना पाठवण्याची विनंती असते. भाषा गोड आहे आणि पाठवणाऱ्यांचा हेतूही वाईट नसतो, परंतु त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे.

सर्व धर्मांच्या एकमताबद्दल आधी बोलू. या यादीत दीक्षाभूमीचे नाव घालण्यापूर्वी तिथे काय घडले, हे आठवायला हवे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर आपल्या लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासना करणार नाही, ही त्यांतली पहिलीच प्रतिज्ञा आहे. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्धावरील ग्रंथात त्यांनी बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, असे स्वच्छ मांडले. ‘मी’पणाची चिकित्सा बौद्ध परंपरेत फार कठोर आहे, पण तिथे तो ‘मी’ कोणाच्या पायावर वाहायचा नसतो, तर समजून घ्यायचा असतो. जैनांचेही तसेच आहे: तीर्थंकर वंदनीय खरे, पण कर्माची निर्जरा, म्हणजे साचलेल्या कर्माचा क्षय, ज्याची त्यानेच करायची, हे इतवारीतल्या कोणत्याही जैन घरात ऐकायला मिळेल. ज्या लोकांनी विचारपूर्वक कृपेची कल्पनाच बाजूला ठेवली, त्यांच्या तोंडी ती कौतुकाने घालणे याला समन्वय म्हणता येत नाही.

प्रयत्न थांबवण्याचा उपदेश तर ज्या परंपरा कृपा मानतात त्यांनाही सरसकट मान्य नाही. दक्षिणेतल्या विष्णुभक्त श्रीवैष्णवांमध्ये याच प्रश्नावर वडकलै आणि तेन्कलै असे दोन पंथ पडले. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहते, तसा जीवाचाही काही वाटा असतो, असे वडकलै मानतात. मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, असे तेन्कलै म्हणतात. ख्रिस्ती जगात ईश्वरी कृपेवर भर देणारा ऑगस्टीन आणि माणसाच्या स्वतःच्या प्रयत्नावर भर देणारा पेलाजियस यांचा वाद याच मुद्द्याचा होता, आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची मते त्याज्य ठरवूनही तो पुरता मिटला नाही. १५१७ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने जो संघर्ष पेटवला, त्यातल्या कृपेविषयीच्या मतभेदावर कॅथलिक आणि ल्यूथरपंथीयांचे संयुक्त निवेदन निघायला ३१ ऑक्टोबर १९९९ उजाडावे लागले. ताजबागेत ज्यांची समाधी आहे त्या ताजुद्दीन बाबांच्या धर्मातला प्रसिद्ध हदीसही इथे आठवावा. उंट बांधून भरवसा ठेवू की मोकळा सोडून, असे एकाने विचारले, तेव्हा आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असे पैगंबरांनी त्याला सांगितले. आपल्याकडे तुकोबा ‘असाध्य तें साध्य करितां सायास, कारण अभ्यास’ म्हणतात, आणि ते काही कृपा नाकारणाऱ्यांपैकी नव्हेत.

संदेशाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की तेन्कलै आणि जपानमधले बौद्ध आचार्य शिनरान (११७३ ते १२६३) यांची मते खरोखरच स्वतःच्या प्रयत्नाला जागा देत नाहीत. गंमत अशी की नेमकी तीच मते या संदेशाला सर्वांत जास्त अडचणीत आणतात. शिनरान यांच्या मते अमिताभ बुद्धावरची श्रद्धासुद्धा अमिताभाकडूनच मिळालेली असते. ती आपण कमावली, असे मानणे म्हणजे पुन्हा स्वबळावर विसंबणे. आता संदेशाची रचना पाहा: आधी अहंकार सोडा, मग कृपा होईल. अहंकार सोडणे ही अट ठेवली की तोही प्रयत्नच झाला, आणि कृपा त्या प्रयत्नाची मजुरी झाली. वर अकरा जणांना मजकूर पाठवण्याची मेहनत वेगळी!

याच्या उलट, कृपा झाली की अहंकार आपोआप गळून पडतो, असेही मानले जाते. त्या समजुतीला वारकरी परंपरेनेच उत्तर देऊन ठेवले आहे. गोरोबाकाकांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणे मारून मडकी पारखली, तेव्हा कच्चे ठरले ते प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलणारे नामदेव, आणि त्यांना गुरू म्हणून विसोबा खेचरांकडे जावे लागले. कथा म्हणूनच ती घ्यावी, पण देवाची जवळीक हाच एक अभिमान होऊ शकतो, हे ती सांगणाऱ्यांनी नीट ओळखले होते.

आता ‘प्रश्न विचारू नका’ या आज्ञेकडे वळू, कारण संदेशातला सर्वांत धोकादायक भाग तोच आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात गुरूकडून ज्ञान मिळवण्याचे मार्ग सांगताना प्रणिपाताला, म्हणजे नमस्काराला, लागूनच ‘परिप्रश्न’, म्हणजे खोदून विचारणे, येतो. अठराव्या अध्यायात ‘मामेकं शरणं व्रज’ म्हणण्याच्या तीनच श्लोक आधी कृष्ण अर्जुनाला, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर, असे सांगतो. म्हणजे शरणागतीचा सर्वाधिक उद्धृत होणारा श्लोकही ऐकणाऱ्याची बुद्धी मोकळी ठेवून आलेला आहे. चोखोबांची शरणागती अपुरी होती, असे म्हणण्याची छाती कोणाची होणार नाही. आणि तेच चोखोबा, बडवे मला मारत आहेत, विठू, आता मंद चालू नकोस, धावून ये, अशी उघड तक्रार करतात. देवाला जाब विचारणे त्यांना शरणागतीच्या आड येणारे वाटले नाही. ‘मी’पणा सोड, हा उपदेश वरच्याने खालच्याला, पुरुषाने सुनेला, महाराजांनी देणगीदाराला केला की त्यातून काय मागितले जात आहे हे तपासलेच पाहिजे. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, नागपुरातच केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते, असे सांगितले होते. ती इज्जत अहंकाराच्या खात्यात टाकून देता येणार नाही.

राहिले शेवटचे विधान: कृपा झाली नाही, तर दोष तुमचा. धंतोलीतल्या एका रुग्णालयाबाहेर, नवऱ्याच्या डायलिसिसची फाइल मांडीवर घेऊन बसलेल्या एका ओळखीच्या बाईंनी मला हा संदेश मोबाइलवर दाखवला आणि विचारले, ‘भाऊ, मी डॉक्टरांशी वाद घातला, तो माझा अहंकारच ना?’ संदेश त्यांना नणंदेने पाठवला होता. याच सल्ल्याबद्दल बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांवर देव संतापतो. दुःखात असलेल्या ईयोबाला, तुझेच काही पाप असणार, असे ते ऐकवत होते, आणि खरे बोलला तो तक्रार करणारा ईयोबच, असा निवाडा देव देतो. बायबलमधल्याच संत पौलाने शरीरातला काटा काढून टाकण्यासाठी तीनदा प्रार्थना केली. काटा गेला नाही, आणि माझी कृपा तुला पुरे आहे, एवढेच उत्तर मिळाले. तुकोबांनी आपल्या घरावर आलेला प्रसंग ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ असा सांगितला आहे. तिथे त्यांनी दुष्काळाचेच नाव घेतले आहे. पत्नीची किंवा स्वतःची शरणागती कमी पडली, असे त्यांनी म्हटलेले नाही.