‘१२ सेकंदांत चाललात, तर बरे झालात’: मामींकडे आलेल्या संदेशाला उत्तर

ऐरोलीच्या आमच्या मामींनी गेल्या रविवारी मला व्हॉट्सॲपवरचा एक लांबलचक संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘हे खरे का रे?’ त्यांनी विचारले हे बरे केले, पण विचारण्याआधी चार दिवस त्या संदेशाबरहुकूम वागून झाले होते. मामांना चार महिन्यांपूर्वी उजव्या बाजूचा पक्षाघात झाला. ते चार पायांची काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. मी ठाण्यात अशाच रुग्णांसोबत काम करणारा फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या नात्यातल्या माणसाला हॉलच्या फरशीवर चिकटपट्टी लावून, हातात मोबाइलचे घड्याळ धरून, काठीविना पळवले जाते आणि ते मला चार दिवसांनी कळते, याचा राग या लेखात दिसला तर वाचकांनी तो समजून घ्यावा.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: फिजिओथेरपीत प्रगती मोजायला एकच चाचणी पुरते. खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. १२ सेकंदांच्या आत झाले की माणूस बरा झाला. ही चाचणी काठी न घेता, जमेल तितक्या वेगाने, रोज घरी घ्यावी. बाकीच्या चाचण्या बिल फुगवण्यासाठी असतात. महिनाभरात आकडा हलला नाही तर उपचार थांबवावेत. आणि शेवटी, हाताने चेंडू दाबता आला की हात बरा.

सर्वात आधी काठीबद्दल, कारण यातच हाड मोडण्याची सोय आहे. ही चाचणी, ‘टाइम्ड अप अँड गो’, १९९१ साली वृद्धांसाठी मांडली गेली. तिच्या मूळ पद्धतीत स्पष्ट म्हटले आहे की माणसाने नेहमीची पादत्राणे घालावीत, नेहमीची काठी किंवा वॉकर वापरावा आणि स्वतःला सोयीच्या, सुरक्षित वेगाने चालावे. संदेश लिहिणाऱ्याने या तीनपैकी दोन सूचना नेमक्या उलट्या केल्या आहेत. ‘काठी घेतली तर निकाल खोटा’ हे वाक्य त्याने कोठून काढले ते त्यालाच ठाऊक. काठी घेतली तर तशी नोंद करायची आणि पुढच्या वेळी त्याच काठीने मोजायचे, एवढाच नियम आहे. या चाचणीतला सर्वात धोक्याचा भाग म्हणजे वळण, कारण तेथे एका पायावर भार घेऊन शरीर फिरवावे लागते आणि पक्षाघाताच्या रुग्णाचा दुबळा पाय तेथेच फसतो. पहिल्या दिवशी मामांना १९ सेकंद लागले. मामींनी कालच्यापेक्षा लवकर, कालच्यापेक्षा लवकर असे करत तिसऱ्या दिवशी ते १६ वर आणले, आणि चौथ्या दिवशी वळताना मामा चपलांच्या कपाटावर आदळले. लागले नाही हे नशीब. त्या तीन सेकंदांत मामांचा तोल तसूभर सुधारला नव्हता, फक्त घाई वाढली होती, आणि घाईने कमी झालेली वेळ त्या संदेशाच्या हिशेबात प्रगती ठरते.

१२ हा आकडा मात्र हवेतून आलेला नाही, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. अमेरिकेतील सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या वृद्धांमधील पडझड टाळण्याच्या कार्यक्रमात, ही चाचणी पूर्ण करायला १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास त्या व्यक्तीला पडण्याचा धोका आहे असे धरावे, असे सांगितले आहे. म्हणजे हा आकडा ज्येष्ठांच्या चाळणीसाठी आहे, त्याहून जास्त वेळ लागला तर पुढे तपासा, इतकेच सांगणारा. त्याहून कमी वेळ लागला म्हणजे पक्षाघात बरा झाला, असे त्यातून निघत नाही. चाळणीच्या आकड्याला बरे झाल्याचा दाखला समजणे म्हणजे ताप उतरला म्हणून टायफॉइडच्या गोळ्या बंद करण्यासारखे आहे.

आता ‘एकच चाचणी पुरे’ या दाव्याकडे येतो. अमेरिकेतील अकॅडमी ऑफ न्यूरोलॉजिक फिजिकल थेरपी या संघटनेने २०१८ साली आपल्या नियतकालिकात, मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांतून सावरणाऱ्या प्रौढ रुग्णांसाठी कोणत्या चाचण्या वापराव्यात याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात सहा चाचण्यांचा गाभा आहे: बसण्या-उभे राहण्याच्या तोलासाठी बर्ग बॅलन्स स्केल, चालतानाच्या तोलासाठी फंक्शनल गेट असेसमेंट, तोलाबद्दल रुग्णाला स्वतःला किती खात्री वाटते यासाठी एक प्रश्नावली, वेगासाठी दहा मीटर चालणे, दमासाठी सहा मिनिटे चालणे आणि खुर्चीतून पाच वेळा उठून बसणे. संदेशातली ‘एकमेव’ चाचणी या सहांत नाही. ती निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. मीही ती वापरतो. पण उठणे, चालणे, वळणे आणि बसणे या चारही गोष्टी ती एकाच आकड्यात कोंबते, त्यामुळे वेळ कमी झाली तरी नेमके काय सुधारले ते कळत नाही.

सहा चाचण्या सहा वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात आणि कोणती कधी उपयोगी, हे रुग्णाकडे पाहून ठरते. मामांना विचारायचा प्रश्न असा आहे की सोसायटीच्या फाटकाबाहेरचा रस्ता ओलांडता येईल का. तो वेगाचा प्रश्न आहे. पक्षाघाताच्या रुग्णांसाठी १९९५ सालापासून वापरात असलेल्या वर्गीकरणानुसार सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग असलेला माणूस बहुतेक घरापुरताच चालतो, तर ०.८ मीटरपुढचा बाहेर मोकळेपणाने वावरू शकतो. ०.४ च्या वेगाने १२ मीटरचा रस्ता ओलांडायला ३० सेकंद लागतात, आणि आपल्याकडचे रिक्षावाले तेवढे थांबतात का हे ज्याचे त्याने ठरवावे. याउलट, तलावपाळीला एक फेरी मारायची हे ज्याचे ध्येय आहे, त्याचा दम मोजायला हवा. आणि बर्गमध्ये ५६ पैकी ५४ गुण मिळवणाऱ्या, पण गर्दीच्या रेल्वे पुलावर मान वळवली की झोकांडी जाणाऱ्या रुग्णाला पुन्हा पुन्हा बर्गवरच मोजत राहिलो, तर तो सुधारतच नाही असे दिसेल, कारण वर जायला जागाच उरलेली नाही.

खात्रीच्या प्रश्नावलीबद्दल थोडे विषयांतर. तिच्या १६ प्रश्नांतला शेवटचा प्रश्न बर्फाळ पदपथावर चालण्याबद्दल आहे. तो मी ठाण्यात विचारतो तेव्हा रुग्ण माझ्याकडे दयेने पाहतात. पावसातल्या शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकविषयी विचारावेसे वाटते आणि मी विचारतोही, पण ते उत्तर वेगळे लिहितो. प्रश्न बदलला की परदेशी आकड्यांशी तुलना करता येत नाही.

बिल फुगवण्याच्या आरोपाला दोन वाक्ये पुरेत. या चाचण्यांना घड्याळ, मोजपट्टी, खुर्ची आणि थोडी मोकळी जागा एवढेच लागते. काही ठिकाणी पहिल्या दिवशी दमलेल्या रुग्णाकडून ढीगभर तक्ते भरून घेतात आणि ते पुन्हा कोणी उघडत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे; सदर मार्गदर्शिकेनेच म्हटले आहे की चाचण्या सुरुवातीला आणि शेवटी, जमल्यास मध्येही घ्याव्यात आणि निकाल रुग्णाशी बोलून पुढचे ठरवावे. आपल्या फिजिओथेरपिस्टकडे आकडा मागा, ‘बरे आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, हे त्या संदेशातले एकमेव शहाणपणाचे वाक्य आहे.

‘आकडा हलला नाही तर उपचार थांबवा’ हा सल्ला दोन्ही बाजूंनी फसतो. आकडा हलला तरी तो मोजण्यातल्या चढउतारापेक्षा जास्त हलला पाहिजे. पार्किन्सनच्या रुग्णांवरील २००८ च्या एका अभ्यासात बर्गमधला फरक ५ गुणांचा, तर सहा मिनिटांच्या चालण्यातला ८२ मीटरचा झाला, तरच तो खरा बदल मानता येतो असे आढळले. दोन गुण वाढल्याचे पेढे वाटण्यात अर्थ नाही. दुसरीकडे, पार्किन्सनसारख्या वाढत जाणाऱ्या आजारात वर्षभर आकडा जागेवर राहिला तर ती कमाई असते. आणि जो अजून उभाही राहू शकत नाही, त्याचा शून्य हाही गुण आहे. तो पहिल्या दिवशी लिहून ठेवायचा असतो, कारण पुढे तो एक झाला तर ते त्यामुळेच दिसते.

राहिला चेंडू. वर सांगितलेल्या सहांत हाताची एकही चाचणी नाही, त्यामुळे येथे ती मार्गदर्शिका कामाची नाही. हातासाठी फुगल-मायरसारखी वेगळी मोजणी लागते, ज्यात खांद्यापासून बोटांपर्यंत ६६ गुण असतात. पक्षाघातानंतर बोटे मिटणे बहुतेकदा आधी येते आणि उघडणे मागे राहते, तेव्हा पेला धरण्याइतकाच तो सोडता येणेही तपासावे लागते. मामांना सध्या चेंडू छान दाबता येतो. दाबलेला चेंडू सोडवून घ्यायला मात्र मामी लागतात.