कोणाले पायजे?

गेल्या दिवाळीत नागपूरला गेलो होतो, तेव्हा सीताबर्डीवरच्या एका मेडिकल स्टोअरमध्ये प्रेपची, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी मिळते का म्हणून विचारलं. (बाहेरच्यांसाठी सांगतो, नागपुरात नुसतं 'मेडिकल' म्हटलं की सरकारी कॉलेजचा दवाखाना.) टेनोफोविर-एमट्रिसिटाबिन, असं नाव घेतलं. काउंटरवरच्या पोराने मालकाकडे पाहिलं, मालकाने माझ्याकडे. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, "कोणाले पायजे?"

चिठ्ठी आहे का, हे नंतर विचारलं. मी स्वतः फार्मासिस्ट आहे. आधी चिठ्ठी विचारायची असते, हे त्यालाही ठाऊक असणार.

लंडनच्या एका लैंगिक आरोग्य क्लिनिकच्या खिडकीतून मी हीच गोळी रोज देतो. एचआयव्ही नसलेल्याने ती नेमाने घेतली तर संभोगातून लागण होण्याचा धोका जवळजवळ ९९ टक्क्यांनी कमी होतो. दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी, अधूनमधून किडनीची, आणि डबी हातात. पैसे लागत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक डब्यांवर 'भारतात तयार' असं छापलेलं असतं.

त्या रात्री जेवताना चुलतभावाने विषय काढला. एचआयव्ही टाळण्यासाठी वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनची बातमी त्याच्या ग्रुपवर फिरत होती. "फुकट सुया-गोळ्या वाटून तुम्ही त्यायले मोकळं रान देऊन राहिले ना बाप्पा! अन् पैसा आपल्या टॅक्सचा!" 'त्यायले' म्हणजे धंदा करणाऱ्या बाया, तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष. वहिनी ताटात भाजी वाढताना थांबली आणि मुलांना आतल्या खोलीत पाठवलं.

दादाला वाटतं, मी तिकडे राहून इंग्रज झालोय. पण इंग्रजांनीही हेच केलं होतं. अमेरिकेत ही गोळी २०१२ मध्येच मान्य झाली. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१६ मध्ये तिचा खर्च उचलायला नकार दिला, तेव्हा एड्सवर काम करणाऱ्या संस्थेला कोर्टात जावं लागलं. संस्था जिंकली, तर एका मोठ्या दैनिकाने पहिल्या पानावर तिला 'लाइफस्टाइल ड्रग' ठरवलं. म्हणजे शौकाचं औषध. सगळ्या क्लिनिकांत ती नियमित मिळायला २०२० उजाडलं. मधल्या काळात इथली पोरं काय करत होती? इंटरनेटवरून भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्या मागवत होती. आपल्या कारखान्यांतल्या गोळीने लंडनची मुलं वाचली, आणि सीताबर्डीत तिचं नाव घेतलं की आवाज खाली जातो.

"मग काय, आपल्या सरकारनं बी वाटाव्या?" दादा म्हणाला. वाटाव्यात. उपचाराची गोळी आपलं सरकार २००४ पासून फुकट देतंच की. लागण झाल्यावर जन्मभर फुकट, आणि होऊ नये म्हणून बहुतेकांनी स्वतःच्या खिशातून, हा हिशेब टॅक्स भरणाऱ्यालाही परवडत नाही. आणि मोकळ्या रानाबद्दल म्हणाल तर कायद्याने त्याचं उत्तर दिलेलं आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात संसर्गाचा धोका कमी करणारे उपाय गुन्हा धरता येणार नाहीत असं कलम आहे, आणि त्याखाली उदाहरण देहविक्रय करणाऱ्या बाईला निरोध पुरवण्याचंच दिलंय. निरोधाला जे लागू, ते गोळीला का नाही?

पण नुसती फुकट वाटूनही भागत नाही, हे मी खिडकीवर उभा राहून शिकलोय. ही डबी वाजते. तीस गोळ्या, आत ओल शोषणारी पुडी, आणि चालताना खिशात खळ्‌खळ्‌. पुष्कळ जण इथेच ती उघडून गोळ्या कागदात बांधून नेतात आणि डबी आमच्याच कचरापेटीत टाकतात. टेनोफोविर उपचारातही वापरतात, त्यामुळे घरच्याला किंवा गिऱ्हाइकाला डबी सापडली की निष्कर्ष एकच: हिला 'तो' आजार आहे. दहा बाय दहाच्या खोलीत डबी लपवणार कुठे?

म्हणून त्या इंजेक्शनचं मला अप्रूप आहे. डबी नाही, आवाज नाही. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. अमेरिकेत वर्षाची किंमत २८ हजार डॉलरच्या वर. हैदराबादच्या दोन कंपन्या २०२७ पासून गरीब आणि मध्यम देशांसाठी तेच वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये काढणार आहेत. हैदराबाद म्हणजे नागपूरहून हायवे ४४ धरला की सरळ खाली.

मात्र सुई टोचायला बाईने कुठेतरी यावं लागतं, नाहीतर कुणीतरी तिच्यापर्यंत जावं लागतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी गंगाजमुनात, नागपुरातल्या देहविक्रयाच्या वस्तीत, बॅरिकेड लावले, तेव्हा मी ते मोबाइलवर पाहिलं होतं. वस्ती पांगली की बाया संपत नाहीत, त्यांचा पत्ता संपतो. निरोध आणि तपासणीचं काम तिथे वस्तीतल्याच बाया, पीअर, करतात. दारं ओळखीची, नावं तोंडपाठ. भाड्याच्या खोल्यांत विखुरलेल्या बाईला सहा महिन्यांनी दुसऱ्या सुईसाठी शोधायचं कोणी? माझं म्हणणं एवढंच की इंजेक्शनच्या खरेदीआधी या पीअर बायांचं मानधन वाढवा, आणि मेयो-मेडिकल या सरकारी दवाखान्यांत संध्याकाळची एक साधी ओपीडी उघडा, जिच्या दारावर कुठलीच पाटी नसेल.

खिडकीवर आपलं, ओळखीचं माणूस दिलं की झालं, असंही मी म्हणत नाही. दिवाळीहून परतल्यावर आठवडाभरात एक मराठी मुलगा माझ्या खिडकीवर आला. विशी-बाविशीचा, विद्यार्थी असावा. कागद पुढे करताना त्याची नजर माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर गेली. आडनाव वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला. मी त्याच्या कॉलनीतला काका निघालो. "आय विल कम लेटर," म्हणून कागद मागे घेऊन तो निघाला.

मी आत जाऊन माझ्या नायजेरियन सहकारिणीला सांगितलं, त्या मुलाला गाठ, तो अजून जिन्यातच असेल. बिल्ला काढून खिशात टाकला आणि ती परत येईपर्यंत गोदामात डबे मोजत बसलो.