हिवाळ्यात बघायला काड्या

इंग्लंडात डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो आणि तोवर जो काय उजेड असतो त्यात आमच्या किचनच्या खिडकीतून चिखल, कुंपण आणि कचऱ्याचे डबे एवढंच दिसतं, म्हणून बायकोने फर्मान काढलं की हिवाळ्यात छान दिसणारी झाडं लावायची.

गेलो गार्डन सेंटरला. तिथल्या बाईंनी आधी डॉगवूड दाखवलं. कुंडीत नुसत्या लालभडक काड्या. म्हटलं पानं? झडली. फुलं? आत्ता नाही. मग बघायचं काय? तर काड्याच! आणि त्यासुद्धा मार्चमध्ये पार बुडाशी छाटायच्या, कारण रंग नव्या फुटव्यालाच खुलतो. विच हेझलला भर जानेवारीत पिवळी फुलं येतात, किसलेल्या लिंबाच्या सालीसारखी, पण ते कलमी आणि वाढायला मंद त्यामुळे किंमत ऐकून मी पुढच्या रांगेत सटकलो.

पुढे हॉली. लाल फळं हवी तर मादी झाड घ्या आणि जवळपास नर हवा, इथवर ठीक. पण 'गोल्डन किंग' ही मादी आणि 'सिल्व्हर क्वीन' हा नर! राजाला फळं धरतात, राणीला नाही, नावं ठेवणाऱ्याला कोणी जाब विचारला की नाही देव जाणे. बायको म्हणाली, चला, आता झाडांच्या पत्रिका जुळवा.

शेवटी डॉगवूडच्या जोडीला घेतला भूर्ज, आपला हिमालयातला, ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहायचे तोच. इथे त्याचं कौतुक पांढऱ्याशुभ्र खोडासाठी. शेजारच्या आजोबांकडे मोठा आहे, ते दर हिवाळ्यात बादली आणि स्पंज घेऊन त्यावरचं हिरवं शेवाळ धुतात. केंब्रिजजवळच्या अँगल्सी ॲबीच्या बागेत तर भूर्जांचं अख्खं बन आहे आणि माळी तिथली खोडं धुतात, म्हणजे आजोबा एकटेच तसे नाहीत.

आईला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. डॉगवूड बघून म्हणाली, "अरे वाळलं की ते, पाणी घालत नव्हतास का?" तेवढ्यात मागे आजोबा दिसले.

"ते काय करतायत रे?"

"झाड धुतायत."

जरा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "आणि तू बाथरूम कधी धुणारेस?"

आमचा भूर्ज लहान आहे, साल अजून तपकिरीच, पांढरी व्हायला काही वर्षं जातात म्हणे, तोवर मी सुटलो. बायकोने स्पंज मात्र आत्ताच आणून ठेवलाय.