विदर्भ एक्स्प्रेसमध्ये खून करायचाय? आधी प्रेमात पडा

नागपूरच्या धरमपेठेतल्या टपरीवर बसून तुम्ही रेल्वेतली प्रेमकथा-कम-खूनकथा लिहायला घेतली आहे, असं कानावर आलं. अभिनंदन. गेल्या काही वर्षांत स्लीपरने प्रवास केलेला नाही ना? मग काळजी नको. ज्याला डबा ठाऊक असतो, त्याच्या हातून असले सिनेमे लिहून होत नाहीत.

मालमसाला परदेशातूनच आणा. दिग्दर्शक हिचकॉकचा १९५९ चा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' घ्या. नायक कॅरी ग्रँटवर खुनाचा आळ आलेला, जवळ तिकीट नाही, तरी तो न्यूयॉर्कहून शिकागोच्या गाडीत चढतो. डायनिंग कारमध्ये त्याला नेमकं नायिका एव्हा मारी सेंटच्या टेबलावर बसवतात, कारण तसं बसवायला तिनेच वेटरच्या हातावर ५ डॉलर ठेवलेले असतात. मग ती त्याला आपल्याच खोलीतल्या वरच्या बर्थमध्ये दडवते. हे दृश्य आहे तसं नागपूरहून मुंबईला जाणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसवा. या गाडीला डायनिंग कार नसते, हे मनावर घेऊ नका. अजनी मागे पडते न पडते तोच टीसी येतो आणि बिनतिकीट नायकाकडून भाडं अधिक किमान २५० रुपये वसूल करतो, तेही विसरा. आणि वरच्या बर्थवर तांदळाचं पोतं, दोन बॅगा आणि कुणाचा तरी झोपलेला भाचा आधीच असतो. नायकाला त्यांच्यामागे दडवता आलं तर बघा.

त्याहून मोठं काम 'द लेडी व्हॅनिशेस'चं. १९३८ चा सिनेमा. धावत्या गाडीतून एक म्हातारी बाई नाहीशी होते आणि डब्यातले सगळे शपथेवर सांगतात की अशी बाई इथे नव्हतीच. तिला शोधता शोधता नायक-नायिकेचं जमतं. आता हीच बाई वर्धा आणि बडनेऱ्याच्या मधे गायब करून दाखवा बरं! नागपूरला गाडी हलायच्या आत समोरच्या काकूंनी स्टीलचा डबा उघडलेला असतो. पोळीवर ठेचा, ठेच्यावर तेल, आणि पहिला घास तोंडात असतानाच पहिला प्रश्न: "एकटीच चालली का माय? नवरा नाही आला?" सेलू यायच्या आत त्या बाईचं माहेर, सासर, गुडघ्याचं ऑपरेशन आणि धाकट्या जावयाचा पगार अख्ख्या कंपार्टमेंटला पाठ झालेला असतो. अशी बाई नाहीशी झाली तर "आम्ही पाहिलीच नाही" म्हणणारा एक माणूस तुम्हाला या डब्यात सापडणार नाही. उलट "मी सांगतो नेमकं काय झालं" म्हणणारे सतराजण निघतील आणि त्यातले पाच पुढच्या डब्यातले असतील. म्हणून काकूंना पहिल्या पानावरच कापा. गुन्हेगाराला आणि प्रेमिकांना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे एकांत. आणि तेवढीच आपल्या गाडीत मिळत नाही.

प्रेम जमवायला रेल्वेने स्वतः सोय केली आहे, तिच्याकडे मात्र ढुंकूनही पाहू नका. ती म्हणजे आरएसी, अख्खा बर्थ मिळेपर्यंत अर्ध्यावर बसायचं तिकीट. साइड लोअरच्या एका बर्थवर दोन अनोळखी माणसं, रात्रभर, गुडघ्याला गुडघा लावून. आता संगणक तिथे तुमच्या नायकाशेजारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका बसवतो, ही गोष्ट वेगळी. १९६२ च्या 'हाफ तिकीट'मध्ये किशोर कुमार लहान पोर बनून अर्ध्या तिकिटावर निघतो, प्राण त्याच्या खिशात चोरीचा हिरा सरकवतो आणि वाटेत मधुबाला भेटते. तेव्हा जमलं. २०१६ पासून अर्ध्या तिकिटावर बर्थच मिळत नाही. आजचा किशोर हिरा खिशात घेऊन संडासाजवळ उभा राहिला असता आणि मधुबालाने नाकाला पदर लावला असता.

नागपूर कुठे दाखवायचं, हा प्रश्न उरतो. १९२५ सालची, सावनेरच्या दगडात बांधलेली स्टेशनची इमारत आहे. तिच्याकडे कॅमेरा वळवू नका. मुंबईच्या सेटवर पिवळी पाटी रोवा, टोपलीवाला उभा करा आणि मे महिन्यात नायिकेच्या हाती रसरशीत संत्रं द्या. संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येतो आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये, हे काटोलच्या शेंबड्या पोराला माहीत असतं. पण ते पोर तुमच्या निर्मात्याला भेटणार थोडंच?

प्रेम आणि गुन्हा वेगवेगळे लिहीत बसू नका, खलनायकाचं मानधन वाचेल. १९७२ च्या 'पाकीजा'त परका पुरुष रात्री नायिकेच्या डब्यात शिरतो आणि ती झोपलेली असताना तिच्या पायांची तारीफ लिहून चिठ्ठी ठेवून जातो. आपण सगळे त्यावर पन्नास वर्षं उसासे टाकतो आहोत. बायकांच्या राखीव डब्यात पुरुषाने शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६२ खाली गुन्हा आहे. एकट्या बाईच्या पायाशी अशी चिठ्ठी आज सापडली तर ती रेल्वेच्या मदतीचा १३९ नंबर फिरवते आणि पुढच्या स्टेशनवर रेल्वेचे जवान, म्हणजे आरपीएफ, दाराशी हजर. तुमचा नायक तिच्या मागे मागे तीन डबे चालतो, तिचं नाव चार्टवरून शोधतो, तिची बॅग न विचारता उचलतो. पार्श्वसंगीतात बासरी टाकली की प्रेम, तबला टाकला की आरोपपत्र. बासरीवाला आधी बुक करा.

टपावरची मारामारी हवीच. टपाच्या वर २५,००० व्होल्टची तार आहे आणि नायक उंच आहे. यापेक्षा जास्त मी काही बोलत नाही.

आता पोलीस. १९७० च्या 'द ट्रेन'मध्ये राजेश खन्नाच पोलीस अधिकारी, गाडीत खून पडतात आणि संशय जातो प्रेयसी नंदावर. झकास सोय, घरातल्या घरात तपास! तुमच्या सिनेमात मात्र लोहमार्ग पोलिसांचा हवालदार रजिस्टर उघडून विचारेल, "प्रेत पडलं तेव्हा गाडी पुलगावच्या अलीकडे होती की पलीकडे? खांबाचा नंबर पाहिला का?" रुळालगतच्या प्रत्येक खांबावर किलोमीटरचा आकडा असतो आणि हद्द त्यावरून ठरते. नव्या कायद्याप्रमाणे तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, पण हे पटकथेत आणू नका, मध्यंतरानंतरचा अर्धा तास हद्दीच्या वादातच सुरेख निघतो. तेवढ्या वेळात खुनी आउटर सिग्नलला उतरून, ऑटो करून घरी जाऊन जेवलेला असेल. खुनी कोण, हे काकूंना वर्ध्यालाच कळलं होतं. पण त्यांना तुम्ही पहिल्याच पानावर कापलंय, आणि तशाही त्या शेगावला उतरणार होत्या.